कुणीतरी श्वासात घेतलेली भुकटी

मंगळवारी सकाळी लिफ्ट बंद होती, म्हणून दुर्बीणबाई तळघरातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच निघाल्या. हातात जाळ्यांची डबी होती. डबी काडेपेटीएवढी आणि आतल्या तांब्याच्या जाळ्या मसुराच्या दाण्याएवढ्या. पण एकदा सांडल्या की चिमट्याने वेचता वेचता दुपार व्हायची, म्हणून काठोकाठ भरलेला कप न्यावा तशी बाई ती डबी नेत होत्या.

खरं तर त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. होता तो इलेक्ट्रॉनच्या झोतावर चालणारा सूक्ष्मदर्शक, कपाटाहून उंच आणि कपाटासारखाच करडा. पण स्टोअरच्या कारकुनाने पहिल्याच वर्षी त्यांना दुर्बीणबाई करून टाकलं. "अहो, दुर्बीण लांबचं बघायला असते," असं बाईंनी समजावून पाहिलं होतं. "तुम्ही बघता ते आमच्यापासून लांबच आहे की," असं म्हणून तो परत खतावणीत डोकं घालून बसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

वर त्यांचे यजमान ज्योत सांभाळायचे. त्यांना सगळे भट्टीमास्तर म्हणत. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली वीस संशोधन संस्थेच्या या एकाच इमारतीत गेली होती, एक वर, एक खाली. "आमचं भांडण होत नाही, मध्ये तीन मजले आहेत," असं मास्तर नव्या माणसाला हमखास सांगत.

मास्तरांची ज्योत म्हणजे काही शेगडी नव्हे. पोलादी टेबलाच्या मधोमध सुईच्या अग्राएवढं छिद्र. त्यातून टायटॅनियम मिसळलेलं द्रव वर यायचं, भोवतीच्या ऑक्सिजनने त्याचे तुषार व्हायचे आणि गोलात लावलेल्या सहा इवल्या निळ्या ज्योती त्या तुषारांना पेटवायच्या. मग जाड काचेच्या नळीत हातभर उंच, पांढरीशुभ्र ज्योत उभी राहायची, दोन हजार अंशांच्याही वरची. जळून जे उरायचं ते धुरासारखं वर जायचं, पंप ते ओढून घ्यायचा आणि गाळणीच्या कापडावर पांढरी भुकटी साचायची. पिठाहून मऊ. तिच्या एकेका कणाचा आकार एवढा, की केसाच्या जाडीत तसे आठ हजार ओळीने बसावेत.

बाईंची जाळी एका यांत्रिक हाताच्या टोकाला लावायची. कळ दाबली की तो हात ज्योतीत शिरायचा आणि पापणी लवायच्या आत बाहेर यायचा. तेवढ्यात हजारो कण जाळीला चिकटलेले असायचे. कारण धुळीचंही माणसासारखंच आहे. चटका बसला की ती गार जागेकडे पळते.

एरवी ज्योत दोन-चार तास चालायची आणि विझायची. या खेपेला पहिल्यांदाच ती सलग पाच दिवस चालायची होती. काच कारखान्याला काचांवर थर द्यायला भुकटी जास्त हवी होती. दिवसभर मास्तर आणि नंतर पाळीचा जोडीदार, असं आळीपाळीने सोमवारपासून ती एकदाही विझवली नव्हती. सोमवारी जमलेल्या भुकटीचा पहिला डबा मंगळवारी उजाडताच कारखान्याकडे रवानाही झाला होता.

"आलीस? दे," मास्तर मास्कच्या आडून म्हणाले. त्यांनी तीन जाळ्या ज्योतीतून काढून दिल्या. "खोकतेस का?"

"जिन्याने आले म्हणून. वय झालं आता."

"वय माझं झालंय. तू नुसती जाड झालीस."

बाई हसल्या आणि खाली आल्या.

सूक्ष्मदर्शकाची खोली भर दुपारीही काळोखी असायची. खिडकी नाही, दिवा मालवलेला, पंपांची अखंड घरघर आणि मधोमध पडद्याचा हिरवट उजेड. अंगावर शाल लागावी इतकी ती खोली गार ठेवावी लागे. बाईंनी जाळी आत सरकवली, हवा ओढली जाईपर्यंत वाट पाहिली आणि झोत सुरू केला. कण दिसले. अंड्यासारखे गोलसर, दहा-बारा नॅनोमीटरचे, नेहमीसारखे.

पण प्रत्येक कणाभोवती साय होती.

म्हणजे सायीसारखं काहीतरी. फिकट, पातळ आवरण. झोत जरा वेळ एका जागी धरला की ते सुरकुतायचं, आक्रसायचं, जसं प्राण्याच्या शरीरातलं काहीही आक्रसतं. बाईंनी डोळे पुसून परत पाहिलं. दोन हजार अंशांतून निघालेल्या कणावर साय? वणव्यातून लोण्याचा गोळा शाबूत निघाला म्हटल्यासारखंच ते होतं.

त्यांनी वर फोन लावला. "अहो, जाळीला हात लावलात का?"

"हातमोजे आहेत. चिमटा आहे. वीस वर्षांत कधी लावलाय?"

"मग डबीच खराब असेल."

नवी डबी उघडली. बुधवारी परत तीन जाळ्या घेतल्या. साय होतीच, आणि आता अंमळ जाड.

बुधवारी संध्याकाळी घरी, चहाचा कप तसाच हातात धरून बाई म्हणाल्या, "मी हे पूर्वी पाहिलंय."

"काय?"

"ती साय. पाच वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी खाणकामगारांच्या फुप्फुसातलं पाणी तपासायला पाठवलं होतं, आठवतं? त्यातल्या धुळीवर असंच आवरण होतं. धूळ छातीत गेली की शरीर तिला असं गुंडाळतं."

मास्तरांनी भुवया वर केल्या. "म्हणजे माझी भुकटी आधी कुणाच्या तरी छातीत जाऊन आलीय?"

"मी काय दिसतं ते सांगतेय," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्याच दिवशी कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली होती. एक्स-रेची गाडी आवारात आली होती, सगळ्यांनी ओळीने उभं राहून छाती काचेला टेकवली होती. शुक्रवारी सकाळी तळघरात डॉक्टरांचा फोन आला आणि तो मास्तरांबद्दल असेल असं समजून बाईंनी उचलला. एवढी वर्षं भुकटीपाशी उभा राहणारा माणूस, कधीतरी असा फोन येणार हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

"तुमच्या यजमानांची छाती काचेसारखी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही भट्टीवर किती वर्षं काम केलंत?"

"मी? मी तळघरात बसते, डॉक्टर. मी भट्टीवर कधीच नव्हते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"फिल्मची अदलाबदल झाली असेल," बाईच म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण तुमची डाव्या बाजूची बरगडी जुनी मोडलेली आहे ना? लहानपणी पडला होतात, तुम्हीच सांगितलं होतंत. ती फिल्ममध्ये आहे." डॉक्टर शब्द जपून वापरत होते. "तीस वर्षं धुळीत काढलेल्या माणसाची असते तशी छाती आहे. मागच्या वर्षी काहीच नव्हतं. आजच या."

बाईंनी "दुपारी येते" म्हटलं आणि फोन ठेवला. पण वीस वर्षांची सवय अशी की घाबरण्याआधी बघायचं. खोकला आलाच होता. जे पडलं ते त्यांनी काचेच्या बशीत घेतलं, पातळ केलं, एक थेंब जाळीवर सोडून सुकवला आणि जाळी आत सरकवली.

हिरव्या पडद्यावर तेच कण होते. तीच साय.

आणि कणांवर काळे ठिपके होते.

आता हे ठिपके म्हणजे काय ते सांगायला हवं. गुरुवारी सकाळपासून मास्तरांनी द्रवात चांदीचा अंश मिसळायला सुरुवात केली होती, ठरल्याप्रमाणे. चांदी त्या कणांवर बारीक काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. गुरुवारच्या आधी तशी भुकटी या इमारतीत नव्हती. गुरुवारी बाई वर गेल्याच नव्हत्या, अंग दुखत होतं म्हणून दिवसभर खालीच बसून होत्या. कालची भुकटी त्या ज्योतीतून निघून बंद काचेच्या नळीतून बंद गाळणीत गेली होती. आणि ती त्यांच्या छातीत होती.

बाईंनी झोत बंद केला. पंपांच्या आवाजाखाली त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता, बारीक घासत येणारा, इस्त्रीखाली ओलं कापड धरल्यासारखा. मग त्यांनी वर फोन लावला आणि सगळं सांगितलं. एकही शब्द न गाळता.



"ऐकताय ना?"

"ऐकतोय. अगं... मीही एक सांगितलं नाही तुला." त्यांनी मास्क काढला असावा, आवाज मोकळा झाला. "वजन कमी भरतंय. बुधवारपासून. द्रव जातं त्या मानाने भुकटी कमी येते, दिवसाला दोन-तीन ग्रॅम. गळती कुठे नाही. सगळे सांधे तपासले, गाळणी तपासली. आणि ज्योत..."

"ज्योत काय?"

"हलते. वर होते, खाली बसते. दाब स्थिर आहे, काटा जागचा हलत नाही, पण ज्योत हलते. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. हिरवट काटा पुढे सरकत होता. त्यांनी स्वतःचे श्वास मोजले. मिनिट संपलं तेव्हा बरोबर चौदा भरले होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ज्योतीकडे बघत राहा. मी सांगते तेव्हा... नुसतं बघा."

त्यांनी श्वास रोखला.

फोनमध्ये वरच्या पंपाचा आवाज येत होता. पाच सेकंद गेले. दहा.

"थांबली," मास्तर कुजबुजले. "अगं... थांबली. चित्रातल्यासारखी उभी आहे."

बाईंनी श्वास सोडला.

"बसली खाली... आता वर आली."

परत रोखला. परत ज्योत थांबली. तिसऱ्यांदा करायचं धाडस बाईंना झालं नाही. त्या बोलणार एवढ्यात छातीवर कुणीतरी गुडघा ठेवावा तसा दाब आला. हवा आत येईना. तोंड उघडं, हात टेबलाच्या कडेवर, बशी खाली पडून फुटली. किती वेळ ते कळलं नाही. मग हवा एकदम, पाण्याच्या लोंढ्यासारखी आत शिरली.

फोनमधून मास्तर त्यांना हाका मारत होते. "मी आहे, मी आहे," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"मी केलं ते," मास्तरांचा आवाज चिरकला होता. "ऑक्सिजन पाव फेरा कमी केला. तुला न सांगता. बघायचं होतं मला... तू तिला ओढतेस की ती तुला."

"बघितलंत?"

"माफ कर."

बाईंना राग आला नाही. त्यांनीही हेच केलं असतं. त्या फुटलेल्या बशीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे दोन्हीकडून ओढ आहे."

जिन्यात मास्तरांच्या बुटांचा आवाज आला असता, पण मास्तर ज्योत सोडून खाली येऊ शकत नव्हते. जोडीदार चार वाजता यायचा होता. आणि चार वाजता आणखी एक गोष्ट व्हायची होती. टाकीतलं द्रव चारपर्यंतच पुरणार होतं. पाच दिवसांचं काम संपत होतं. द्रव संपलं की ज्योत आपोआप विझते.

मास्तरांनी स्टोअरला फोन केला. कारकून म्हणाला, "एक बाटली शिल्लक नाही. सोमवारी मागवतो." मोठ्या बाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, काय सांगणार होते? की माझ्या बायकोचा श्वास ज्योतीत अडकलाय?

"तू बाहेर पड," मास्तर म्हणाले. "लांब जा. डॉक्टरांकडे जा, तिथे ऑक्सिजन आहे, माणसं आहेत. अंतर पडलं की सुटेल."

बाईंनाही ते पटलं; कालपर्यंत रोज घरी जाताना काही झालं नव्हतं. पर्स घेतली, शाल खांद्यावर तशीच, आणि त्या बाहेर पडल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर वर करत होतं, फुटपाथवर एक बाई कुत्र्याला दटावत होती. सगळं इतकं नेहमीचं, की बाईंना क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. फाटकापर्यंत नीट गेल्या. कोपऱ्यापर्यंत जाताना श्वास आखूड व्हायला लागला. पावलागणिक आखूड, जणू पाठीमागून दोर ताणत जावा तसा. रस्ता ओलांडायला पाऊल उचललं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

हातातला फोन कधीपासून वाजत होता.

"परत फीर," मास्तर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. ज्योत वाकलीय. काचेच्या नळीत, वारा नाही काही नाही, आणि ती रस्त्याच्या बाजूला वाकून काचेला टेकलीय. काच तडकेल. परत फीर."

एका अनोळखी माणसाने त्यांना कोपराला धरलं. "चक्कर आली का ताई? बसता का?" त्यांनी मान हलवली आणि भिंतीला हात लावत उलट्या वळल्या. प्रत्येक पावलाला हवा परत येत गेली. फाटकातून आत शिरताना त्यांना रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं हे जाणवून त्या जास्तच घाबरल्या. त्या ज्योतीजवळ जाताना बरं वाटत होतं.

लिफ्ट अजून बंद होती. बाई जिने चढल्या. तळघराचा जिना मागे टाकून, पहिला मजला, दुसरा, तिसरा. सगळा आठवडा जिन्यात लागणारी धाप आज लागली नाही.

मास्तर दारातच उभे होते. त्यांनी बायकोच्या तोंडावर मास्क बसवला, मग स्वतःच तो काढून बाजूला ठेवला. आता मास्कचा काय उपयोग होता? खोलीत द्रवाचा तो नेहमीचा गोडसर उग्र वास होता आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी. बाईंनी तो वास ओळखला. आजाऱ्याच्या खोलीत पहाटे असतो तसा, झोपलेल्या माणसाच्या तोंडचा.

ज्योत काचेत सरळ उभी होती. बाई जवळ गेल्या. त्यांनी श्वास घेतला, ती वर आली. सोडला, ती बसली. आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं, फक्त आरशात चेहरा नव्हता.

"वीस वर्षं मी या कणांना बघतेय," बाई पुटपुटल्या. "एकेक करून, इतक्या जवळून. दुसऱ्या कुणी बघितलंच नाही कधी."

"तसं बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "पावणेचार झालेत. काय करायचं?"

बाईंनी डोळे मिटले आणि विचार केला, जसा त्या एखाद्या अवघड नमुन्याचा करत. "मी ओढते तेव्हा ती हलते. ती ओढते तेव्हा मी. पण मी श्वास रोखला की ती थांबते. बरोबर? तेव्हा कुणीच ओढत नसतं. दोर सैल असतो."

"मग?"

"मग मी रोखेन. तुम्ही तेव्हाच बंद करा. आपोआप विझली तर ती आत घेता घेता विझेल, आणि मला सोबत नेईल. आपण मध्येच, सैल असताना कापायचं."

"आणि नंतर तुला श्वास आलाच नाही तर?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तर पाठीत एक दणका घाला. तेवढं येतं ना?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तीन झडपांवर नजर टाकली. आधी द्रव, मग ऑक्सिजन, मग सहा लहान ज्योतींचा गॅस. क्रम चुकला तर स्फोट. डावा हात पहिल्या झडपेवर, उजवा दुसरीवर.

बाईंनी मोठा श्वास घेतला. ज्योत वर चढली, कधी नव्हे इतकी, काचेच्या वरच्या कडेपर्यंत. बाईंनी ओठ मिटले.

ज्योत थांबली.

"आता," असं त्या म्हणू शकत नव्हत्या. त्यांनी फक्त मान हलवली. मास्तरांनी पहिली झडप फिरवली. ज्योत हलली नाही. द्रव बंद झालं होतं, जळायला काही उरलं नव्हतं, आणि तरी ती पांढरी ज्योत तशीच उभी होती. एक. दोन. तीन. मास्तरांच्या कपाळावरून घाम गळत होता. "अगं, विझत नाही," ते ओरडले. बाईंच्या कानात घणाचे घाव पडत होते, छाती फुटायला आली होती, डोळ्यांच्या कडांनी काळोख आत सरकत होता. सोडू नकोस, त्या स्वतःला सांगत राहिल्या, सोडू नकोस. दुसरी झडप. तिसरी.

मग ज्योत आपल्या जागी, न हलता, फिकी होत गेली. काच धुतल्यासारखी रिकामी झाली.

बाईंनी तोंड उघडलं. काही आत येईना.

मास्तरांनी त्यांना कवेत धरून खाली बसवलं. नाव घेऊन हाक मारली, जे नाव या इमारतीत कुणीच घेत नसे. पाठीत एक दणका घातला, दुसरा घातला. बाईंचे ओठ निळे पडले. तिसऱ्या दणक्याला त्या खोकल्या. एवढा मोठा खोकला की त्यांची पाठ कमानीसारखी वाकली. तोंडातून पांढरी धूळ फुंकरीसारखी बाहेर आली, उन्हाच्या तिरिपेत जरा वेळ तरंगली आणि पंपाने ओढून घेतली. मग हवा आली. साधी हवा, जी कुणाचीच नसते.

दोघं जमिनीवर बसून राहिले. चार वाजता जोडीदार आला आणि त्याने विचारलं, "झालं का काम?"

"झालं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी सोमवारी परत फिल्म काढली, मग आणखी एक. छाती स्वच्छ होती. त्यांनी त्या गाडीतल्या यंत्राला चार शिव्या हासडल्या आणि बाईंना घरी पाठवलं. मास्तरांनी मोठ्या बाईंना लेखी कळवलं की नळीच्या काचेत दोष आहे, ज्योत सलग चालवू नये. ते खोटंही नव्हतं. भट्टी बंद ठेवली गेली. मंगळवारपासून जमलेली सगळी भुकटी मास्तरांनी सीलबंद करून खोल गाडायला पाठवली. बाई पुढचे पंधरा दिवस रजेवर राहिल्या, सकाळी उठून चालायला जात, लांब, रस्ता ओलांडून, पुलापर्यंत. एकदा तर मास्तर दमून मागे राहिले. "आता कोण जाड झालंय?" बाईंनी वळून विचारलं.

कामावर रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, तळघरातला फोन वाजला. काच कारखान्यातल्या तपासनीस बाई होत्या. आवाज कामाचा, नेमका, पण थोडा अवघडलेला.

"तुमच्या भुकटीत ओल राहते का हो?"

"नाही. का?"

"आमची काच दुहेरी असते. दोन काचा, मध्ये मोकळी जागा, कडा कायमच्या बंद. तुमच्या पहिल्या डब्यातल्या भुकटीचा थर आम्ही आतल्या बाजूला दिला. तर त्या काचेवर आतून वाफ धरतेय. तळहाताएवढा डाग. धरतो, जातो. परत धरतो."

बाईंनी टेबलाची कड धरली. पहिला डबा. सोमवारचा. त्यांनी अजून एकही जाळी पाहिली नव्हती तेव्हाचा.

"मिनिटाला किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"कसं कळलं तुम्हाला मोजायचं ते? मोजलं मी. तीस-एकतीस."

बाईंचे स्वतःचे श्वास त्या वेळी जोरात चालले होते, पण तीस नव्हते. त्यांनी ते मोजले. हा श्वास त्यांचा नव्हता.

"बाई, आहात ना?" पलीकडचा आवाज जरा खाली आला, जणू शेजारी कुणी ऐकू नये असा. "मी कालच फोन करणार होते. काल एकाच काचेवर होतं. आम्ही पेटीत काचा समोरासमोर उभ्या ठेवतो, जोडीजोडीने. आज तिच्या समोरच्या काचेवरही आलंय. आणि एकीवर वाफ धरते ना... तेव्हा दुसरीवरची जाते."